पिंवळ्या भिंतीचा इतिहास

राजांच्या मोहिमांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला. किल्ल्यांचा, देवळांचा आणि राजवाड्यांचाहि लिहिला गेला. परंतु ज्या चार भिंतींच्या आंत मनुष्य जन्मतो, जेवतो, निजतो आणि बहुधा शेवटचा श्वासहि घेतो, त्या भिंतींच्या रंगाचा इतिहास लिहावा असें फारसें कोणाच्या मनांत येत नाहीं. वास्तविक पाहतां घराच्या भिंतीला कोणता रंग द्यावा, हा प्रश्न प्रत्येक कुटुंबाला केव्हांना केव्हां तरी पडतोच. दिवाळीच्या आधीं घर रंगवावयास काढलें, कीं पहिला वाद निघतो तो रंगाचा. ज्या खोलींत उजेड कमी, जेथें पावसाळ्यांत भर दुपारीं दिवा लावावा लागतो, त्या खोलीला पिंवळा द्या, असें घरांतील कोणी तरी वडील माणूस सांगतें. आणि तें सांगणें बहुधा बरोबर असतें.

तें बरोबर कां असतें, हें प्रथम पाहूं. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशांत सर्व रंगांचे किरण एकत्र असतात. पिंवळी भिंत त्यांतील निळा व जांभळा भाग तेवढा शोषून घेते आणि तांबड्यापासून हिरव्यापर्यंतचा भाग बहुतेक सगळा खोलींत परत टाकते. मनुष्याच्या डोळ्यालाहि हिरव्यापिंवळ्या प्रकाशाचीच जाणीव सर्वांत तीव्रपणें होते. म्हणून तितक्याच उजेडांत निळ्या भिंतीची खोली उदास वाटते, तर पिंवळ्या भिंतीची खोली प्रसन्न वाटते. शिवाय तेलाचा दिवा, मेणबत्ती किंवा समई यांचा प्रकाश जात्याच पिंवळसर. दिवसा शोभणारा निळा रंग या प्रकाशांत काळवंडून जाई; पिंवळा मात्र रात्रींहि आपलें तेज टिकवून धरी. विजेचे दिवे येण्यापूर्वीं या गोष्टीचें महत्त्व फार मोठें होतें.

सारांश, पिंवळी भिंत म्हणजे घरांत आणून ठेवलेलें ऊन. परंतु हें ऊन फुकट मिळत नाहीं. तें कोणत्या तरी खाणींतून काढावें लागतें, भट्टींत भाजावें लागतें, कोणाला तरी खलांत घोटावें लागतें. तें कोणीं, कशापासून आणि कोणाच्या जिवावर निर्माण केलें, हें पाहणें म्हणजेच पिंवळ्या भिंतीचा इतिहास पाहणें होय.

सर्वांत जुना पिंवळा मातीचा. ज्या मातींत लोखंडाचा पाणीयुक्त गंज मिसळलेला असतो ती माती पिंवळी दिसते. तिलाच आपल्याकडे पिवडी किंवा पिंवळी माती म्हणतात. ही माती भाजली, कीं तिच्यांतील पाणी निघून जातें आणि ती तांबडी होते. पिवडी आणि गेरू यांचें नातें असें सख्ख्या बहिणींचें आहे. अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रकारांनीं जे मोजके रंग वापरले त्यांत ही पिंवळी माती आहे, आणि ज्या ठिकाणीं गिलावा शाबूत राहिला त्या ठिकाणीं ती दीड हजार वर्षांनंतरहि आपला रंग सोडावयास तयार नाहीं.

रोमन लोकांनाहि या मातीचें मोठें वेड होतें. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकांत होऊन गेलेला वास्तुशास्त्रज्ञ व्हिट्रूव्हियस सांगतो, कीं सर्वांत उत्तम पिंवळी माती अथेन्सच्या प्रदेशांत मिळत असे, पण त्याच्या काळीं ती मिळेनाशी झाली होती. याचें कारणहि तो देतो. अथेन्सच्या चांदीच्या खाणींत जोंवर गुलाम राबत होते, तोंवर चांदी शोधतांना मातीची शीर लागली तर तीहि ते चांदीसारखीच खणून काढीत. त्यामुळें पूर्वींच्या लोकांना भिंती रंगविण्यास ती भरपूर मिळे. खाणींतलें काम थांबलें आणि तो पिंवळा रंगहि संपला. मग कारागीर काय करीत? वाळविलेलीं व्हायोलेटचीं फुलें पाण्यांत उकळून, तें पाणी कापडांतून गाळून, त्यांत खडू घोटून ते अथेन्सच्या मातीची नक्कल करीत. ग्रंथांतील या दोन ओळी वाचल्या म्हणजे रोमन गृहस्थाच्या भिंतीवरच्या प्रसन्न पिंवळ्यामागें भूगर्भाच्या अंधारांत खपणारे गुलाम उभे आहेत, हें लक्षांत येतें. ज्यांनीं तें ऊन खणून काढलें त्यांच्या स्वतःच्या वांट्याला ऊन फारच थोडें आलें असेल.

इसवी सन ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकानें पाँपेई शहर गाडलें गेलें. तेथील घरांच्या तांबड्या भिंती जगभर प्रसिद्ध आहेत. परंतु त्यांतील कांहीं भिंती मूळच्या पिंवळ्या असून ज्वालामुखीच्या उष्ण वायूंनीं त्या भाजून तांबड्या झाल्या, असें इटालियन संशोधकांनीं २०११ सालीं मांडलें. पिवडी भाजली म्हणजे गेरूसारखी तांबडी होते, या साध्या गोष्टीवरच तें अनुमान आधारलेलें आहे. भिंतीचा इतिहास वाचतांना डोळ्यांना दिसतें तेवढ्यावरच विश्वासून चालत नाहीं, याचा हा एक उत्तम धडा आहे.

आपल्याकडील जुन्या घरांत पिवडीचें स्थान कायमचें होतें. कळीचा चुना पाण्यांत विरवावयाचा, फडक्यांतून गाळून घ्यावयाचा, त्यांत पिवडी कालवावयाची, रंग अंगाला लागूं नये म्हणून थोडा डिंक किंवा सरस घालावयाचा आणि कुंच्यानें भिंतीवर दोन हात द्यावयाचे, हा क्रम कित्येक पिढ्यांनीं पाळला. कोंकणांत आणि गोव्यांत हाच चुना शिंपल्या भाजून तयार करीत. या साध्या कृतींत एक शास्त्र दडलेलें आहे. ताजा चुना फार तिखट. भलभलते रंग तो खाऊन टाकतो. लोखंडाच्या गंजापासून झालेल्या पिवडीवर मात्र त्याचें कांहीं चालत नाहीं. म्हणून चुना आणि पिवडी यांचा संसार सुखाचा झाला. हा पिंवळा फार झगझगीत नव्हता, परंतु तो स्वस्त होता, त्यापासून कोणाला अपाय नव्हता, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां एक हात दिला कीं भिंत पहिल्यासारखी होई.

मनुष्याचा स्वभाव असा, कीं निरुपद्रवी वस्तूवर त्याचें समाधान फार काळ टिकत नाहीं. मातीचा पिंवळा मंद; त्याला सोन्यासारखा झळाळणारा पिंवळा हवा होता. असा एक पिंवळा प्राचीन काळापासून ठाऊक होता, तो म्हणजे हरताळ. जुन्या पोथ्यांत चुकलेलें अक्षर झांकण्यासाठीं त्यावर हरताळ फासीत. त्यावरूनच केलेल्या गोष्टीवर हरताळ फासणें हा वाक्प्रचार मराठींत रूढ झाला. पण हरताळ म्हणजे सोमल आणि गंधक यांचा संयोग, म्हणजे उघड विष. इटलींतील चेन्निनो चेन्निनी या जुन्या चित्रकारानें आपल्या ग्रंथांत, हा रंग तोंडाला लागूं न देण्याविषयीं शिष्यांना बजावून ठेवलें आहे. पोथीच्या पानावर ठीक असलेली ही वस्तु माणसांनीं दिवसरात्र वावरावयाच्या खोलींत नेणें शहाणपणाचें नव्हतें.

दुसरा एक तेजस्वी पिंवळा खास हिंदुस्थानचा. बंगालकडे त्याला प्युरी म्हणत. आपल्या पिवडीशीं या नांवाचें साम्य आहे, पण वस्तु निराळी. त्रैलोक्यनाथ मुखर्जी यांनीं १८८३ सालीं या रंगाचा छडा लावून असें लिहिलें, कीं बिहारांत मुंगेरजवळच्या मिर्झापूर गांवीं कांहीं गवळी गाईंना आंब्याचीं पानें खाऊं घालून त्यांच्या मूत्रापासून हा रंग तयार करतात, आणि त्या गाई अगदीं अशक्त दिसतात. पुष्कळ वर्षें या हकीकतीवर कोणी विश्वास ठेवी, कोणी ठेवीत नसे. मुखर्जींनीं पाठविलेले नमुने लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पतिसंग्रहालयांत जपून ठेवलेले होते. त्यांचें रासायनिक पृथक्करण होऊन २०१९ सालीं जो निबंध प्रसिद्ध झाला, त्यानें मुखर्जींच्या म्हणण्याला पुष्टि दिली. चित्रकारांच्या पेटींत मानाचें स्थान मिळविलेला हा रंगहि, पाहिलें तर, कोणाच्या तरी उपासमारीवरच निघालेला होता.

मोठमोठ्या खोल्यांच्या भिंती झळझळीत पिंवळ्या करण्याची सोय झाली ती अठराव्या शतकाच्या शेवटीं, आणि ती रंगाच्या शोधांतून झाली नाहीं. त्या काळीं इंग्लंडांत सांबण आणि कांच यांच्या कारखान्यांना सोडाखाराची फार गरज होती, व तो मिठापासून काढण्याच्या खटपटींत पुष्कळ लोक होते. मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचें भस्म, मिठाच्या पाण्यांत कालवून ठेवलें तर खार सुटा होतो आणि मागें शिशाचा एक पांढरा क्षार राहतो, ही गोष्ट स्वीडनचा रसायनज्ञ शेले याच्या लक्षांत आली होती. हा क्षार भट्टींत वितळविला, कीं सुंदर पिंवळा होतो. जेम्स टर्नर नांवाच्या इंग्रज कारखानदारानें १७८१ सालीं या कृतीचें पेटंट, म्हणजे सरकारी हक्कपत्र, मिळविलें. त्यावरून त्या रंगालाच टर्नरचा पेटंट पिंवळा असें नांव पडलें. पुढें इतरांनींहि तो करावयास आरंभ केला, प्रकरण न्यायालयांत गेलें, आणि १७८७ सालीं न्यायाधीशांनीं असें मत दिलें, कीं हक्कपत्रांत लिहिलेली कृति पुरेशी खरी व स्पष्ट नाहीं. मालकाचा हक्क लंगडा पडला, पण त्याचें नांव रंगाला कायमचें चिकटून राहिलें.

हा पिंवळा दिवाणखान्यांत कसा शोभतो हें पाहावयाचें असेल, तर लंडनमधील लिंकन्स इन फील्ड्स या चौकांतलें सर जॉन सोन यांचें घर पाहावें. सोन हे गवंड्याच्या घरांत जन्मलेले आणि बँक ऑफ इंग्लंडचे वास्तुशिल्पी म्हणून नांवाजलेले गृहस्थ. त्यांनीं १८१२ सालीं या चौकांतील तेरा क्रमांकाचें घर पाडून नव्यानें बांधावयास घेतलें. त्याच्या तळमजल्यावरील ग्रंथालय व जेवणघर यांना त्यांनीं पाँपेईची आठवण करून देणारा गडद तांबडा रंग दिला. तेथून जिना चढून वरच्या दिवाणखान्यांत जावें, तों एकदम सगळें पिंवळें. भिंती पिंवळ्या, पडदे पिंवळे, आसनांवरील रेशीमहि पिंवळें. खालच्या भारदस्त सांवलींतून वरच्या उजेडांत नेऊन पाहुण्याला चकित करावें, हा सोन यांचा बेत होता. या भिंतींचा रंग टर्नरचा. कित्येकांचा असा समज होतो, कीं हा टर्नर म्हणजे सोन यांचा मित्र असलेला सुप्रसिद्ध चित्रकार. परंतु चित्रकार टर्नर निराळा आणि रंगाचा टर्नर निराळा.

सोन यांची ही हौस भिंतींपुरतीच नव्हती. लंडनचें आकाश वर्षांतले कित्येक महिने राखाडी. म्हणून त्यांनीं घराच्या माथ्यावरील झरोक्यांना कांहीं ठिकाणीं पिंवळ्या कांचा बसविल्या. बाहेर धुकें असलें तरी आंत पडणारा उजेड उन्हासारखा दिसावा, एवढ्यासाठींच ही योजना. डलिच येथील चित्रशाळेला जोडून त्यांनीं बांधलेल्या समाधींतहि अशाच कांचा आहेत. मातीचा, शिशाचा किंवा कांचेचा, पिंवळा शेवटीं कशासाठीं हवा असतो, याचें सोन यांच्या घराइतकें स्पष्ट उत्तर दुसरीकडे सांपडणार नाहीं. १८३३ सालीं पार्लमेंटानें खास कायदा करून हें घर राष्ट्रासाठीं राखून ठेवलें. १८३७ सालीं सोन वारले आणि तो कायदा अमलांत आला. पुढच्या पिढ्यांत तेथील रंग बदलले, पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत ते दिवाणखाने पुन्हां मूळच्या पिंवळ्या रंगांत आणले गेले.

सोन आपलें घर बांधीत होते त्याच सुमारास टर्नरच्या पिंवळ्याला मागें टाकणारा एक प्रतिस्पर्धी उदयास येत होता. सैबेरियांतील खाणींत सांपडणाऱ्या शेंदरी खनिजाचें पृथक्करण करतांना फ्रेंच रसायनज्ञ व्होक्लँ याला १७९७ सालीं एक नवी धातु गवसली. तिचे क्षार नाना रंगांचे, म्हणून ग्रीक भाषेंतील रंगवाचक शब्दावरून तिला क्रोमियम हें नांव मिळालें. हिचा शिशाशीं संयोग केला, कीं पिकलेल्या लिंबासारखा, किंवा थोडा फेर केला तर हापूस आंब्याच्या रसासारखा, दाट तेजस्वी पिंवळा तयार होतो. हाच क्रोम पिंवळा. आरंभीं तो फार महाग होता. पुढें फ्रान्समध्यें आणि अमेरिकेंत बाल्टिमोरजवळ क्रोमियमचें खनिज सांपडलें, आणि तो स्वस्त होत गेला.

तो महाग असतांनाच ज्यांनीं त्यानें सबंध खोली रंगविली, त्यांत अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष टॉमस जेफर्सन हे होते. व्हर्जिनियांतील माँटिसेलो हें त्यांचें घर त्यांनीं स्वतः आंखून बांधलेलें. त्यांतील जेवणघर उत्तरेच्या बाजूला, म्हणजे घराच्या थंड अंगाला. १८१५ च्या सुमारास त्याच्या भिंतींना क्रोम पिंवळा देण्यांत आला. पांढऱ्या शिशाच्या नेहमींच्या रंगाहून त्याची किंमत त्या वेळीं कितीतरी पटींनीं अधिक होती. या खोलीचा पुढचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. १९३६ सालीं घराची डागडुजी झाली, तेव्हां तेथें फिकट निळा रंग दिला गेला, आणि जेफर्सन यांच्यासारख्या विद्वान गृहस्थाला असाच सौम्य रंग आवडत असला पाहिजे, असें मानून लाखों प्रेक्षक ती निळी खोली पाहून गेले. पुढें संशोधकांनीं भिंतीवरील थरांचे बारीक तुकडे काढून ते सूक्ष्मदर्शकाखालीं तपासले, तों खालीं झळझळीत पिंवळा. २०१० सालीं ती खोली पुन्हां पिंवळी करण्यांत आली. आपल्या पूर्वजांची रुचि आपण समजतों तितकी फिकी नव्हती, हें त्या सूक्ष्म कणानें सिद्ध केलें.

परंतु त्याच घराविषयीं दुसरीहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. सर्व मनुष्यें समान आहेत असें जाहीरनाम्यांत लिहिणाऱ्या या थोर पुरुषाच्या घरचीं बहुतेक कामें गुलाम करीत. आयुष्यभरांत जेफर्सन यांच्या मालकीचीं सहाशेंहून अधिक माणसें होतीं. त्या पिंवळ्या खोलींतील पानें वाढलीं जात तीं त्यांच्याच हातांनीं. अथेन्सच्या खाणींतली गोष्ट कित्येक शतकांनंतर जेवणघरांत येऊन पुन्हां उभी राहिली, असें म्हणावें लागतें.

पिंवळ्या भिंतीला खऱ्या अर्थानें घरगुती केलें तें एका चित्रकारानें. क्लोद मोने हे १८८३ सालीं पॅरिसपासून दूर झिव्हेर्नी या खेड्यांत भाड्याच्या घरांत राहावयास आले व १८९० सालीं तें घर त्यांनीं विकत घेतलें. त्या काळच्या फ्रेंच मध्यमवर्गीय घरांत काळपट फर्निचर, जड पडदे आणि दाट नक्षीचे भिंतीचे कागद यांचा सुकाळ होता. मोने यांनीं आपल्या जेवणघराच्या भिंतींना पिंवळ्याच्या दोन छटा दिल्या आणि त्यांतील कपाटें व खुर्च्याहि पिंवळ्याच रंगविल्या. भिंतींवर जपानी चित्रें लावलीं आणि लगतचें स्वयंपाकघर निळ्या फरशांचें केलें, म्हणजे दार उघडें असतांना पिंवळ्याच्या पलीकडे निळें दिसे. पिंवळ्याला निळ्याचा शेजार दिला कीं दोन्ही खुलतात, हें ज्ञान त्यांनीं चित्रांतून घरांत आणलें. १९२६ सालीं मोने वारले. त्यांच्या मुलाच्या पश्चात् १९६६ सालीं तें घर फ्रान्सच्या कला अकादमीकडे आलें, आणि दुरुस्तीनंतर १९८० सालीं सर्वांसाठीं खुलें झालें. तें जेवणघर पाहून किती तरी लोकांनीं आपल्या घरांत पिंवळा रंग दिला असेल.

आतां या झळाळीची किंमत पाहूं. टर्नरचा पिंवळा काय आणि क्रोम पिंवळा काय, दोन्हींचें मूळ शिसें. फिकट छटेसाठीं त्यांत बहुधा पांढरें शिसें मिसळीत, म्हणजे विषांत विष. त्यांत दोष पुष्कळ होते. कोळशाच्या धुरांतील गंधकानें शिशाचे रंग काळे पडत. क्रोम पिंवळा उजेडानें मळकट होई आणि ताज्या चुन्यावर दिला तर नारिंगी पडे. पण हे दोष डोळ्यांना दिसणारे होते. न दिसणारा दोष त्याहून भयंकर होता. रंग घोटणारे आणि खरवडणारे कामगार पोटशुळानें हैराण होत, त्यांचीं मनगटें लुळीं पडत, हिरड्यांवर निळी रेघ उमटे. हा रंगाऱ्यांचा रोग आहे, असें म्हणून समाज त्याकडे पाहत असे. जणूं काय रंगाऱ्यानें आजारी पडणें हा त्याच्या धंद्याचाच भाग होता.

तो रोग रंगाऱ्यापुरताच नाहीं, हें जगाला शिकविलें ऑस्ट्रेलियांतील एका डॉक्टरानें. ब्रिस्बेनचे डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांच्याकडे शिशाच्या विषबाधेचीं लहान मुलें वारंवार येऊं लागलीं. हीं मुलें कोणत्याहि कारखान्यांत जात नव्हतीं. मग विष आलें कोठून? १९०४ सालीं त्यांनीं निबंध लिहून दाखवून दिलें, कीं घराच्या ओसरीचे रंगविलेले कठडे आणि खोल्यांच्या रंगविलेल्या भिंती हेंच त्या विषाचें उगमस्थान आहे. उन्हानें रंगाची भुकटी होते, ती मुलांच्या बोटांना लागते, आणि बोटें तोंडांत जातात. घर प्रसन्न दिसावें म्हणून बापानें लावलेला रंगच त्याच्या मुलाला आजारी पाडीत होता. पुष्कळांना हें म्हणणें प्रथम पटलें नाहीं. तथापि १९२१ सालीं जिनीव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें इमारतींच्या आंतील रंगकामांत पांढऱ्या शिशाच्या वापराला, कांहीं अपवाद सोडून, बंदी घालणारा करार मंजूर केला. अमेरिकेंत घरगुती रंगांतील शिशावर बंदी येण्यास १९७८ साल उजाडावें लागलें. भारतांत २०१६ सालीं नियम होऊन घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लक्ष भागांत ९० भागांहून अधिक असूं नये असें ठरलें, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून तो नियम अमलांत आला. गिब्सन यांच्या निबंधापासून येथवर एकशें तेरा वर्षें गेलीं.

मध्यंतरीं रसायनशास्त्र स्वस्थ बसलें नव्हतें. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस जर्मनींत कोळशाच्या डांबरापासून शिसें नसलेले तेजस्वी पिंवळे रंग निघाले. त्यानंतर लोखंडाचा पिंवळा गंज कारखान्यांत शुद्ध स्वरूपांत तयार होऊं लागला. म्हणजे पिवडीच, परंतु खाणींतली नव्हे तर टाकींत जन्मलेली. आज बाजारांतील डब्यांत जो मऊ, किंचित् मातकट, लोण्यासारखा किंवा मधासारखा पिंवळा मिळतो, त्यांत बहुधा हाच लोखंडाचा गंज असतो. शिशाच्या मागें दीडशें वर्षें धांवून मनुष्य पुन्हां लोखंडाजवळ आला. अजिंठ्याच्या कारागिराला ही घटना ऐकून आश्चर्य वाटलें नसतें.

या इतिहासापासून गृहस्थाश्रमी मनुष्यानें घेण्यासारखें तें थोडक्यांत असें आहे. ज्या खोलींत ऊन येत नाहीं तेथें पिंवळा रंग खरोखरच उपकार करतो. मात्र तो सबंध खोलीला देतांना बाटलींतील नमुन्यापेक्षां एक छटा फिकाच घ्यावा, कारण चार भिंती एकमेकींवर प्रकाश टाकतात आणि रंग आपोआप गडद दिसूं लागतो. जुन्या घराचीं दारें, खिडक्या व कठडे यांवरील तेलिया रंगाचे थर शिशाचे असण्याचा संभव अधिक. ते कोरडे खरवडूं नयेत, ओले करून काढावेत, खरवड झाडून न उडवितां ओल्या फडक्यानें टिपून घ्यावी, आणि तें काम चालू असतांना लहान मुलें व गरोदर स्त्रिया यांना त्या खोलीपासून दूर ठेवावें. रंगाऱ्यालाहि तोंडाला फडकें बांधावयास व जेवणापूर्वीं हात धुवावयास सांगावें. कारण तोहि कोणाचा तरी बाप असतो. चुन्याच्या भिंतीला चुना आणि पिवडी यांचाच हात द्यावा. तो तिला मानवतो.

घरांत ऊन असावें ही इच्छा वाईट नाहीं. ती रोमन गृहस्थाला होती, सोन यांना होती, मोने यांना होती, आणि चाळींतल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबालाहि असते. फक्त तें ऊन कोठून आलें, हें विचारण्याची संवय समाजाला फार उशिरां लागली. खाणींतल्या गुलामाविषयीं, मुंगेरच्या गाईविषयीं आणि ब्रिस्बेनच्या मुलाविषयीं तो प्रश्न वेळेवर विचारला गेला असता, तर पुष्कळ दुःख टळलें असतें. यापुढें दुकानांत पिंवळ्या रंगाचा डबा हातांत घेतांना गृहिणीनें दुकानदाराला, यांत शिसें नाहीं ना, एवढें विचारलें, तरी या इतिहासाचें सार्थक झालें असें म्हणतां येईल.